पहिलं पान दुसऱ्या आवृत्तीचं

दर जुलैत एम.ए.च्या नव्या मुलांचा मी एक तास घेते. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथल्या वेळापत्रकात हा तास नाही, मीच सुरू केला. विषय एकच. छापील संदर्भग्रंथातून काही घेतलं तर आपल्या लेखात त्याचा उल्लेख कसा करायचा. कोशातली नोंद असेल तर आधी नोंदीचं शीर्षक, मग कोशाचं नाव, संपादक, खंड, आवृत्ती, गाव, वर्ष, पान. मुलं कंटाळतात. एखादा विचारतोच, मॅडम, एवढं कोण तपासतं? मी सांगते, हे पुस्तक घरी मिळत नाही. तुमचा लेख वाचणारा माणूस नागपुरात असेल, नाहीतर पुण्यात. त्याच्या ग्रंथालयात त्यानं तोच खंड काढला तर त्याचं बोट त्याच ओळीवर पडलं पाहिजे. नाही पडलं तर तो तुम्हाला खोटं समजणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

'आवृत्ती' हा शब्द मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारत असे. मग एक गोष्ट सांगत असे. अकोल्याच्या एक शिक्षिका होत्या. सात वर्षं प्रबंधावर खपल्या. संदर्भ देताना आवृत्त्या नीट पाहिल्या नाहीत, परीक्षकानं पकडलं, प्रबंध मागे घ्यावा लागला. सात वर्षं पाण्यात. या गोष्टीला मुलं हमखास जागी व्हायची. म्हणून मी ती दरवर्षी सांगायची.

त्या शिक्षिका म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो.

ताई अकोल्याच्या एका शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "जमलं नाई. पुढं बोल." आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा त्यांच्या शाळेतल्या बायका म्हणाल्या, आता कायले? ताई म्हणाल्या, "टाइम होता म्हून."

खरं कारण घरचं होतं. आमच्या सासरी, दर्यापूरकडच्या गावी, गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक जुनं लाकूड लावून ठेवत. ते लाकूड म्हणजे मोडका हातरेचा, कापसातून सरकी वेगळी करायचं हाताचं यंत्र. त्याची मूठ इतकी झिजली होती की मधोमध बोटांचे खळगे पडले होते. ताईंनी लहानपणी विचारलं, हे कोणाच्या हातानं झिजलं? कोणाला ठाऊक नव्हतं. कोणती तरी बाई असेल, एवढंच उत्तर मिळालं. ताईंना ते उत्तर पुरलं नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. ती तीन-चार वर्षं हा ताईंचा विषय. तेजीच्या त्या काळात अमरावती आणि अकोल्याच्या मुलखात कापसाची सरकी काढली कोणी? ताई म्हणायच्या, "गडीमानसं बैलाच्या शिंगाले चांदी लावली थ्याच्या गोष्टी सांगतात. बाईच्या हाताले फोड आले थे कोणी लिहिलं काय? मले थे पायजे."

ते लिहिलेलं सापडायला मात्र माझ्या टेबलावर यावं लागलं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपली की ताई अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरायच्या, तिथून ऑटोनं अमरावती. दुपारी माझ्या संदर्भ विभागात तिसऱ्या टेबलावर खिडकीशी बसायच्या. तेव्हा मी त्या विभागाची प्रमुख होते. ग्रंथालयात ताई माझ्या नणंद नव्हत्या, वाचक होत्या. मी तसं पहिल्याच दिवशी सांगितलं. पिशवी बाहेर, हात धुऊन आत, पुस्तक टेबलावरून हलवायचं नाही.

"संत्री खाल्ली का तुम्ही? हाताला वास येतोय."

"जिन्यावर खाल्ली वं. दोन फोडी. तुले ठेवल्या दोन."

"हात धुऊन या."

"सासूनं नाई एवढा छळ केला तुया, जेवढा तू माया करून राहिली," असं मोठ्यानं म्हणून त्या हात धुवायला जायच्या, आणि वाचनकक्षातली मुलं पुस्तकात तोंड घालून हसायची. माझी बोली नोकरीत घासून सपाट झाली होती. ताईंची झाली नाही. शाळेत व्याकरण शिकवत असूनही.

एकदा त्यांनी विनवलं होतं. उन्हाळ्याचे दिवस होते, ताप होता त्यांना. "वहिनी, एक डाव थो खंड घरी दे. तुया घरीच बसतो मी. सोमवारी तूच घेऊन ये."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"मी काय पान फाडून खाईन?"

"ताई, नाही म्हणजे नाही."

त्या तापातच बसल्या आणि उतरवून घेत राहिल्या. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आजही नियम चुकीचा वाटत नाही.

तो खंड म्हणजे या मुलखाची माहिती देणारा एक जुना इंग्रजी कोश. जाडजूड, पिवळ्या कागदाचा. कापसाच्या नोंदीत आतल्या पानावर लहान टायपात दोन वाक्यं होती. तेजीच्या दिवसांत सरकी काढायचं काम गावोगावच्या बायका हातरेच्यांवर करत, आणि अकोल्याकडच्या काही गावांत त्यांनी मजुरीसाठी रेचे थांबवले तेव्हा गाड्या खळ्यात उभ्याच राहिल्या, अशा अर्थाची. बस, दोन वाक्यं. ताईंनी ती वाचली त्या शनिवारी त्या एकदम उभ्या राहिल्या आणि वाचनकक्षात ओरडल्या, "सापडल्या!"

मी चष्म्यावरून पाहिलं.

"सापडल्या वं वहिनी. बसल्या होत्या रेचे बंद करून. मले वाटलंच होतं."

मी त्यांना शांत बसायला सांगितलं. पण त्या दिवशी कार्ड मीच लिहून दिलं, माझ्या अक्षरात. नोंदीचं शीर्षक, संपादक, खंड, आवृत्ती दुसरी, वर्ष, पान. आवृत्ती मी शीर्षकपानावरून लिहिली. शीर्षकपानावर स्वच्छ छापलेलं होतं.

त्या दोन वाक्यांवर ताईंनी प्रबंधाचं मधलं प्रकरण उभं केलं. नंतर त्यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या, जुने कागद पाहिले, रेच्यांच्या मुठी मोजल्या. पण छापील पुरावा तेवढाच. त्याच्या आधारावर बाकीचं सगळं टेकलेलं.

आता मला त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. ते आमच्याकडे कसं होतं ते.

ताई यायला लागल्या त्याच्या बऱ्याच आधी ग्रंथालयात वाळवी लागली होती. फडताळंच्या फडताळं गेली. त्या कोशाच्या आमच्याकडे दोन प्रती होत्या. एकीची सुरुवातीची पानं, शीर्षकपानापासून प्रास्ताविकापर्यंत, वाळवीनं खाल्ली होती, आतला मजकूर धड होता. दुसरीचं पुढचं चांगलं आणि मागचं गेलेलं. दोन्हींचे पुठ्ठे गळून पडलेले. मी तेव्हा नवी होते आणि मला वाया जाणं खपत नसे. मी बाइंडिंगवाल्या चाचांना बोलावलं. एकीचं पुढचं घ्या, दुसरीचं आतलं घ्या, एक पुस्तक उभं करा.

चाचांनी दोन्ही गठ्ठे उलटेपालटे करून पाहिले. "बाई, दोनी एकच किताब हाय ना? कागद अलग दिसून राहिला."

"एकच आहे. नाव वाचा ना वर."

"नाव तर एकच हाय," चाचा म्हणाले, आणि शिवायला घेऊन गेले.

अशी त्या वर्षी मी बरीच पुस्तकं वाचवली. प्राचार्यांनी सभेत माझं कौतुक केलं. उरलेल्या फाटक्या पानांचा गठ्ठा मी रद्दीत घातला. एकाच नावाच्या दोन प्रती एकाच आवृत्तीच्या असतात असं नाही, हे मी आज झोपेतही सांगेन. तेव्हा मी पाहिलं नाही.

ताईंनी प्रबंध दिला. काही महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकाचं पत्र विद्यापीठामार्फत आलं. ताई ते घेऊन शनिवारची वाट न पाहता मंगळवारीच आल्या. पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं की प्रबंध मेहनतीचा आहे, परंतु मधल्या प्रकरणाचा आधार असलेली वाक्यं सांगितलेल्या आवृत्तीत, सांगितलेल्या पानावर सापडली नाहीत. उमेदवारानं पुरावा द्यावा.

"आंधळा आहे का हा माणूस?" मी म्हटलं. खंड काढला, पान उघडलं. वाक्यं जिथल्या तिथे. शीर्षकपान उघडलं. दुसरी आवृत्ती. मी स्वतः दोन्ही पानांची झेरॉक्स काढली, त्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला, सही केली, ग्रंथालयाचा गोल शिक्का मारला.

"पाठवा. आणि वर लिहा, डोळे तपासून घ्या."

ताई हसल्या. "थे नाई लिहीत. पण तुया शिक्का पाहून घाबरंल थो."

पुढच्या महिन्याच्या एका शनिवारी ताई आल्या त्या नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. परीक्षकाचं काही उत्तर आलं का विचारलं, तर "येईल" म्हणाल्या. तिसऱ्या टेबलावर बसून त्यांनी तोच खंड मागवला. मी घाईत होते, माझी मुख्य ग्रंथपालपदाची मुलाखत आठवड्यावर आली होती आणि मी जुन्या अहवालांत बुडालेली होते. मान वर केली तर ताईंनी पुस्तक सुरुवातीला उघडलं होतं आणि शीर्षकपान खिडकीच्या उजेडात धरलं होतं. मग आतलं पान धरलं. मग परत पहिलं.

"ताई, पान ओढू नका. शिवण उसवेल. नवं बाइंडिंग आहे ते."

"नवं? कधीचं?"

"मीच करून घेतलं होतं, वाळवीच्या वेळी. दोन फाटक्या प्रतींतून एक धड केली. नाहीतर आज तुम्हाला हे पुस्तक दिसलंच नसतं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला आता वाटतं. तेव्हा मी अहवालातली पुढची ओळ वाचत होते.

"हो का," त्या म्हणाल्या. "लय हुशार वं तू."

त्यानंतरच्या गुरुवारी त्या वाचक-कार्ड परत करायला आल्या. माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "प्रबंध मागं घेतला मी."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? दुरुस्तीला?"

"नाई. मागं. चिठ्ठी देऊन आली विद्यापीठात."

"अहो, पण ती वाक्यं आहेत. मी सही करून दिलीय. लढा ना त्याच्याशी!"

"थ्याच्यापुरतं नाई वं. त्याहिनं बाकीचे संदर्भ पाहिले. धा-बारा ठिकाणी आवृत्त्या चुकल्या माया. मीच पाहून नाई घेतल्या बरोबर."

मी चिडले. मनापासून चिडले. सात वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून कार्डं लिहीत होती, आणि मी जे रोज कानीकपाळी ओरडते तेच हिनं केलं नाही. मी वाचनकक्षात, मुलांच्या देखत, आवाज न चढवता बोलले. मला आवाज चढवावा लागत नाही.

"सात वर्षं इथे काय टाइमपास म्हणून बसलात? पहिलं पान उघडायचं आणि आवृत्ती पाहायची, एवढंच काम होतं. माझ्या पोरासोरांना जमतं ते. तुम्ही शिक्षिका ना?"

"चुकलं खरं."

"चुकलं म्हणून पळून जायचं? दुरुस्त करा. मी बसते तुमच्याबरोबर. एकेक संदर्भ तपासू."

"नको." हे त्या इतक्या लगेच म्हणाल्या की मला अपमान वाटला. "तुयी मुलाखत कधी हाय?"

"सोमवारी. त्याचा काय संबंध?"

"थे पिस्त्याच्या रंगाची साडी नेस. जांभळी नेसू नको, थ्यात तू भांडकुदळ दिसते."

त्या गेल्या. जिन्याकडे जाताना वळून तिसऱ्या टेबलाकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी पाहत नव्हते. मी त्यांचं कार्ड रद्द करून रजिस्टरात नोंद करत होते.

मुलाखत झाली. पद मला मिळालं. पिस्त्याच्या रंगाचीच साडी नेसले होते.

पुढची अडीच वर्षं आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. भाऊबीजेला त्या यायच्या, ह्यांना ओवाळायच्या, माझ्या हातची पातोडीची भाजी खाऊन "तिखट कमी" म्हणायच्या. प्रबंधाचा विषय मी काढला नाही. माझा राग होता, आणि मी तो धरून ठेवते. जुलैचा तास मी त्याच वर्षी सुरू केला, आणि अकोल्याच्या शिक्षिकेची गोष्ट त्यात पहिल्या वर्षापासून होती. नाव घेत नसे, म्हणून मला ते योग्यच वाटे. एकदा आमची एक विद्यार्थिनी अकोल्यात ताईंच्याच शाळेत लागली. तिनं बोलता बोलता ताईंना सांगितलं की आमच्या मॅडम अशी अशी गोष्ट सांगतात. ताईंनी भाऊबीजेला मला म्हटलं, "मायी गोष्ट सांगते म्हणे तू पोट्ट्याइले."

मी वाटी ठेवता ठेवता थांबले. "नाव नाही घेत."

"घे ना. कायले लाजते? थ्याइले अक्कल तर येते." आणि हसल्या. तेच मोठं हसणं. मी मनात म्हटलं, यांना कशाची म्हणून किंमत नाही.

ताई शाळेतच गेल्या. मधली सुट्टी संपून पाचवीचा तास होता. फळ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या त्या उठल्या नाहीत. मुलांना वाटलं, बाई थकल्या.

तेरावं झाल्यावर मी आणि हे अकोल्याची खोली आवरायला गेलो. दोन खोल्या, न्हाणीघर, आणि खिडकीत कोरफडीची कुंडी. हे आतल्या खोलीत साड्या बांधत होते. कागद माझ्याकडे होते, कागद नेहमी माझ्याकडेच असतात. संदर्भाची कार्डं बुटांच्या खोक्यांत होती, विषयवार, एकेका खोक्यावर चिठ्ठी. मी सवयीनं उघडली. आणि सवयीनंच तपासायला लागले. आवृत्त्या. प्रत्येक कार्डावर आवृत्ती होती. तिथल्या तिथे मला ठाऊक असलेल्या पुस्तकांशी ताडून पाहत गेले. एकही चुकलेली नव्हती. दहा-बारा ठिकाणी तर सोडाच, एकही नाही.

शेवटच्या खोक्यात एक पाकीट होतं. त्यात परीक्षकाचं दुसरं पत्र होतं. मला कधी न दाखवलेलं. हे पत्र सभ्य नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की दुसरी आवृत्ती त्याच्यासमोर आहे, त्या पानावर वेगळाच मजकूर आहे, आणि ही वाक्यं अख्ख्या खंडात कुठेच नाहीत. म्हणजे दोन वेगवेगळ्या ग्रंथांची पानं जोडून पुरावा तयार केला आहे, असं दिसतं. उमेदवारानं महिन्याच्या आत खुलासा करावा. आणि प्रतींवर ज्यांनी सत्यप्रत म्हणून सही केली त्या ग्रंथपालांकडेही त्यांच्या कॉलेजमार्फत खुलासा मागवावा.

पत्राला एक कार्ड टाचलं होतं. वरचा भाग माझ्या अक्षरातला, मी त्या दिवशी लिहून दिलेला. 'आवृत्ती दुसरी' यावर शाईची बारीक रेघ आणि वर ताईंच्या अक्षरात 'पहिली'; शेजारचं वर्षही तसंच दुरुस्त केलेलं. खाली लिहिलं होतं:

शीर्षकपान दुसऱ्या आवृत्तीचं. आतला मजकूर पहिल्या आवृत्तीचा. अकोल्याच्या जुन्या वाचनालयातल्या प्रतीवरून ताडून पाहिलं. पान तेच. दुसऱ्या आवृत्तीत बाया गाळल्या.

आणि त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, वेगळ्या पेनानं:

वहिनीले सांगू नये.

मी तिथेच जमिनीवर बसून होते. एक शब्द आणि एक वर्ष बदललं असतं तर ताईंचा प्रबंध उभा राहिला असता. 'दुसरी' खोडून 'पहिली'. पण ते बदलायचं तर सत्यप्रतीचं काय ते सांगावं लागलं असतं. कॉलेजकडे पत्र गेलं असतं, माझ्या मुलाखतीच्याच आठवड्यात. त्यांनी खिडकीत पान धरलं, मला विचारलं, मी फुशारकीनं सांगितलं, आणि त्या गुरुवारी येऊन माझं बोलणं ऐकून घेऊन गेल्या. रेच्याच्या मुठीवरचे हात शोधायला सात वर्षं घालवलेली बाई.

"काय झालं?" हे दारात उभे होते, हातात साडीचं गाठोडं.

मी कार्ड दिलं. त्यांनी वाचलं. त्यांना पुस्तकांतलं काही कळत नाही, मी समजावून सांगितलं. वाळवीपासून गुरुवारपर्यंत, क्रमानं. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "भाऊबीजेले तिनं मले विचारलं होतं. वहिनी अजून रागावली हाय काय म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं."

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, चाचांचा प्रश्नसुद्धा. माझ्या सत्यप्रतीबद्दल जी कारवाई करायची ती करावी, आणि प्रबंधाचा फेरविचार व्हावा. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. उमेदवारानं स्वतः प्रबंध मागे घेतला असल्यानं व उमेदवार हयात नसल्यानं प्रकरण बंद आहे. माझ्या सहीचा त्यात उल्लेखही नव्हता. प्राचार्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बाई, जुनी गोष्ट आहे, तुम्ही ग्रंथालय किती वाचवलंत. मला शिक्षा देखील कोणी दिली नाही.

प्रबंधाची एक टंकलिखित प्रत अकोल्यात होती. तिचं बाइंडिंग करून घेतलं, प्रत्येक पान मोजून. पदवी न मिळालेला प्रबंध नियमानं दाखल करता येत नाही. मी दाखल केला. माझ्या नोकरीतला मोडलेला एकमेव नियम, आणि तोही त्या गेल्यावर. तो खंड असलेल्या फडताळात, खंडाच्या शेजारी ठेवलाय. अजून कोणी मागितलेला नाही.

या जुलैत तास घेतला. फळ्यावर सगळं लिहिलं. आवृत्तीखाली दोन रेघा मारल्या आणि पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ती पूर्वीची गोष्ट सवयीनं जिभेवर आली. 'अकोल्याच्या एक शिक्षिका होत्या' इथपर्यंत बोलून गेले. मग थांबले. तो खंड आधीच टेबलावर आणून ठेवला होता. मी तो उघडून मुलांकडे वळवला. म्हटलं, या शिक्षिकांनी आवृत्ती पाहिली होती. मी पाहिली नव्हती. पुढे येऊन बघा, ही शिवण. हा कागद पांढरट आहे आणि हा पिवळा. बाइंडिंगवाल्याला दिसलं, मला दिसलं नाही.

मुलं टेबलाभोवती जमली. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, कोणी तरी विचारेल, मॅडम, मग तुमचं काय झालं? कोणी विचारलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी, वरूडकडची, तिनं वेगळंच विचारलं. "मॅडम, मग अशा पुस्तकाचा संदर्भ द्यायचा कसा?"

प्रश्न बरोबर होता. मी पिशवीतून ताईंचं कार्ड काढून तिला दिलं. म्हटलं, असा. हे पाहून घ्या सगळ्यांनी, आणि पुढे द्या.

कार्ड बाकांवरून फिरलं. माझ्याकडे परत यायला बराच वेळ लागला, कारण ती मुलगी ते वहीत उतरवून घेत होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. अक्षर चांगलं होतं. संपादक, खंड, खोडलेली 'दुसरी', वर लिहिलेली 'पहिली', दुरुस्त केलेलं वर्ष, पान. जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवावं, असं मीच तासाभरापूर्वी सांगितलं होतं. तिनं शेवटची ओळही उतरवली, वऱ्हाडीत, जशी होती तशी.

मी तिला थांबवलं नाही.